सासूबाईंसाठी दोन पिशव्या हवा

आमच्या गाडीत पुढं दोघं बसले की ती मोटार असते, मधल्या सीटवर तिघं बसले की जीप होते आणि मागं माझ्या सासूबाई बसल्या की तिची होडी होते. नाक वर, बूड पाण्यात. सासूबाईंबद्दल मला आदर आहे. माझी बायको राजेश्री हे वाचणार आहे म्हणून लिहितोय असं समजू नका, आदर आहेच. पण गाडीच्या मागच्या स्प्रिंगांना आदर कळत नाही, त्यांना फक्त किलो कळतात.

मी मानवतला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. गाडी सात सीटची, सेकंडहँड, आणि गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारपर्यंत ती आमच्या घराची शान होती. त्या रविवारी आम्ही गंगाखेडला गेलो. माझा मेहुणा बालाजी, त्याच्या मुलीचं, अर्पिताचं, तिथं जमत आलं होतं आणि मुलाचं घर बघायचं होतं. वालूरहून बालाजी, त्याची बायको आणि सासूबाई, म्हणजे केवळाबाई. मानवतहून आम्ही दोघं. सोबत केळी, नारळ आणि करंज्यांनी भरलेलं एक टोपलं.

मुलाच्या दारासमोर एक गतिरोधक होता. तो गल्लीतल्या लोकांनी श्रमदानातून बांधलेला असल्यामुळं त्यात सिमेंटपेक्षा राग जास्त होता. ओसरीवर दहा-बारा पाहुणे आमच्या स्वागताला उभे. मी रुबाबात गाडी आणली, पुढची चाकं ओलांडली, आणि खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येऊन गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. पुढं जाईना, मागं येईना. तेव्हा मी मागं वळून सासूबाईंना (त्यांना मी मामी म्हणतो) जे बोललो ते मला शब्दशः पाठ आहे, कारण राजेश्रीनं पुढं महिनाभर ते रोज मला ऐकवलं.

“मामी, मागचं वजन जरा खाली उतरवता का?”

देवाशपथ सांगतो, मी टोपल्याबद्दल बोलत होतो.

सासूबाई उतरल्या. टोपलंही त्यांनीच घेतलं. गाडी टुणकन पुढं गेली आणि सासूबाई डोक्यावर टोपलं घेऊन तिच्या मागोमाग चालत आल्या. दारात मुलाची आजी सगुणाबाई उभी होती. तिनं गाडीतून उतरलेल्या आम्हा चौघांना हात जोडले, आणि मागून येणाऱ्या सासूबाईंना म्हणाली, “टोपलं तिकडं चुलीपाशी ठेव माय, अन् बस जरा सावलीला. नवरीची आजी न्हाई आली व्हय?”

“मीच हाय ती,” सासूबाई म्हणाल्या.



स्थळ मात्र पक्कं झालं. मुलगा चांगला, माणसं चांगली, पोहेही चांगले. सगुणाबाई बिचारी दिवसभर ओशाळून सासूबाईंपुढं चहाचे कप ठेवत राहिली. सासूबाईंनी सगळे चहा घेतले आणि परत निघताना सरळ एसटी स्टँडचा रस्ता धरला. बालाजी मागं पळाला. त्याला त्यांनी सांगितलं, आणि त्यानं आम्हाला सांगितलं: “साठ वर्सं मेंढरामागं चालले, कुणी मला वजन म्हणलं न्हाई. त्या गाडीत आता पाय ठेवणार न्हाई.”

तेव्हापासून माझ्याशी बोलणंही बंद. म्हणजे भांडण नाही. फोनवर मी असलो तर त्या म्हणत, “राजेश्रीला द्या म्हणावं.” कुणाला म्हणावं, हे मला अजून समजलेलं नाही.

साखरपुडा महिन्याभरानं गंगाखेडच्याच मंगल कार्यालयात ठरला. राजेश्रीनं त्याच संध्याकाळी निकाल जाहीर केला.

“माय एसटीनं जाणार असंल तर मीबी एसटीनंच जाईन.”

“मग गाडीत कोण बसणार?”

“तुमी बसा की. तुमचं अन् गाडीचं चांगलं जमतंय.”

एवढ्यावर ती भाकरी थापायला लागली. तिच्या थापण्याच्या आवाजावरून मला पुढच्या आयुष्याचा साधारण अंदाज आला.

गाडीचं बूड उचलायचं असं मी ठरवलं, आणि पहिली चूक म्हणजे ते शेजारी बोललो. आमच्या शेजारी रामकिशन काका राहतात. बत्तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते, आणि चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर, अगदी पाळण्यालासुद्धा चाकं लावलेली असतील तर त्या पाळण्यावरही, त्यांचं ठाम मत असतं.

“सर, टेंपोच्या स्प्रिंगा टाका,” काका म्हणाले. “मग आख्खं लग्न बसवा मागं.”

“पण मग रिकामी गाडी उडेल ना, काका.”

“रिकामी चालवताच कशाला? मला घ्या सोबत.”

दोन दिवसांत सगळ्या कॉलनीला कळलं. एकानं स्प्रिंगांमध्ये जुन्या टायरचे तुकडे कोंबायला सांगितले. ग्रामसेवकांनी मागच्या बंपरला काळी बाहुली बांधण्याचा उपाय सुचवला, कारण त्यांच्या मते गाडीला नजर लागून ती खचली होती. पोस्टातले एक गृहस्थ म्हणाले की सासूच न नेणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय. हा सल्ला मी घरी सांगितला नाही. तरी तो राजेश्रीपर्यंत पोचला आणि त्या गृहस्थांकडची हळदीकुंकवाची देवघेव थांबली.

शेवटी मार्ग सापडला तो मोबाईलवर. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घातलेला एक परदेशी माणूस गाडीखाली गेला, मागच्या ॲक्सलवरच्या दोन्ही स्प्रिंगांच्या पोटात एकेक लांबट रबरी पिशवी बसवली, नळीनं हवा भरली आणि गाडी मांजरीसारखी पाठ उचलून उभी राहिली. ओझं असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा सोडायची. बाहेर आला तेव्हाही त्याची इस्त्री तशीच. मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. गेली एकोणीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय की हवेला दाब असतो, हवेत ताकद असते. पण हवेनं माझ्यासाठी कधी काही केलं नव्हतं. मी पिशव्या मागवल्या.

आठ दिवसांनी परभणीहून कुरियरवाल्याचा फोन आला. “सर, तुमचा डबा आलाय, पण तो सुटंना.”

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. काउंटरवरचा कारकून सज्जन होता. नियम पाळणाऱ्या माणसाचा सज्जनपणा फार महागात पडतो. त्यानं माझा डबा स्वतःपासून हातभर लांब ठेवला होता.

“ह्याच्यावर एअर बॅग असं लिवलंय. म्हंजे आत हवा?”

“आत नाही. नंतर भरायची.”

त्यानं भिंतीवरच्या यादीकडं बोट दाखवलं. दाबाखालील वायू पाठवण्यास सक्त मनाई. “हवा वायू हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

इथं मी ‘नाही’ म्हणालो असतो तर दहा मिनिटांत घरी निघालो असतो. पण विज्ञानाच्या मास्तरला ते जमत नाही. “आहे,” मी म्हणालो. “नायट्रोजन, ऑक्सिजन आणि थोडे इतर.”

“इतरबी हायत?” त्यानं डबा अजून थोडा सरकवला.

“अहो पण आत हवाच नाही! पिशव्या रिकाम्या आहेत, घडी घातलेल्या.”

“हवा न्हाई म्हंजे निर्वात झालं. निर्वात वस्तू फुटती म्हणतेत.”

“निर्वातही नाही.”

“हवाबी न्हाई, निर्वातबी न्हाई. मग तुमी मागवलंय तरी काय?”

प्रश्न खोल होता. शेवटी त्याच्या वरच्या साहेबानं फोनवरून तोडगा काढला की एखाद्या जाणकार शास्त्रीय व्यक्तीचं लेखी पत्र आणा. मी मानवतला परत आलो, मुख्याध्यापिकाबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या की शाळेच्या वतीनं असं पत्र विज्ञान विभागप्रमुखच देऊ शकतो. विज्ञान विभागप्रमुख मीच. तेव्हा मी शाळेच्या लेटरहेडवर लिहिलं की, श्री. पंडित सर यांनी मागवलेल्या पिशव्यांत स्फोटक असे काहीही नसून त्या पूर्णपणे निरुपद्रवी स्थितीत रिकाम्या आहेत. खाली सही केली. बाईंनी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी कारकुनानं ते पत्र दोनदा वाचलं, सहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“हे पंडित सर तुमीच?”

“हो.”

“अन् हे लिवणारेबी तुमीच?”

“हो.”

तो जरा विचारात पडला, मग मोकळेपणानं हसला. “ठीक हाय. दोघं बी वळखीचे हायत म्हंजे अडचण न्हाई.” आणि डबा माझ्या हातात आला.

पाथरी रोडवर सिद्धोधनचं गॅरेज आहे. सिद्धोधन चाळिशीचा, हाताचा अतिशय सफाईदार आणि बोलायला कंजूस. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, डबा उघडला, आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पण माझ्या हातात माहितीपत्रक होतं. माहितीपत्रक असलेला माणूस बाकावर बसू शकत नाही. मी वाकून वाकून सूचना वाचून दाखवायला लागलो.

पिशवीतली सगळी हवा पिळून काढायची, पोळीसारखी गुंडाळी करायची आणि साबणाचं पाणी लावून स्प्रिंगच्या वेढ्यांतून आत सरकवायची, अशी कृती होती. पहिली पिशवी सिद्धोधननं बसवली. दुसरी, त्याच्या मनाविरुद्ध, मी धरली. अंघोळ घालताना लेकरू निसटावं तशी ती सुळकन निसटली, मध्येच उलगडली आणि फटकन माझ्या चष्म्यावर बसली. चष्मा ऑइलच्या ट्रेमध्ये पडला. सिद्धोधननं तो काढला, पुसला, माझ्या नाकावर ठेवला आणि हातानंच बाकाची दिशा दाखवली.

मी बसण्याआधी मात्र त्यानं एकच प्रश्न विचारला. “सर, दोन्ही पिशव्यांना हवेच्या नळ्या येगळ्या काढू, का मधात जोडून हवा भराया एकच व्हॉल ठेवू? डब्यात दोन्हीचं सामान हाय.”

हा प्रश्न त्यानं मला विचारायला नको होता. मी उठलो. बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडं सारखा पसरतो, हा नियम मी दरवर्षी जुलैमध्ये शिकवतो. वायूचंही तेच. तेव्हा दोन्ही पिशव्या जोडलेल्या असतील तर दाब आपोआप समान राहील, डावं-उजवं असा भेदभाव राहणार नाही. हे मी गॅरेजच्या फरशीवर खडूनं आकृती काढून समजावलं. पंक्चर काढायला आलेले दोन मोटारसायकलवालेही थांबून ऐकत होते.

“तुमी सायन्सचे सर. तुमी म्हणता तर एकच,” सिद्धोधन म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, पण मला ते विद्यार्थ्याचं कौतुक वाटलं.

हवा भरण्याचा मान रामकिशन काकांनी परस्पर घेतला. ते बातमी लागताच गॅरेजवर आले होते. पत्रकावर पाच ते पस्तीस असा दाब लिहिला होता. रिकाम्या गाडीत पाच पुरे. काकांनी पस्तीसवर नेऊन थांबवलं. “एसटीच्या टायरात ह्याच्या तिप्पट असती. पाच म्हंजे काय, फुग्यात घालायचीय का?”

गाडीचं बूड वर यायला लागलं. आलं, अजून आलं. मोटारसायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. त्याच अवस्थेत मी गाडी घेऊन निघालो. समोरचं सगळं जग मला उतारावर असल्यासारखं दिसत होतं. चौकात हवालदारांनी हात केला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढं झुकलेलं बॉनेट पाहिलं.

“सर, गाडी कुणाच्या पाया पडायलीय?”

मी सगळी हकिगत सांगितली. सासूबाईंपासून. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, वाहतूक तेवढा वेळ आपली आपण चालली. मग म्हणाले, “सासूच्या पडा पाया, काही हरकत न्हाई. पण हवा कमी करा. दिव्यांचा उजेड बंपरखालीच पडायलाय.”

हवा कमी केली. आता खरी परीक्षा म्हणजे माणसं बसवून बघणं. साखरपुडा तीन दिवसांवर आला होता. मागच्या सीटवर डाव्या बाजूला रामकिशन काका बसले. काकांचं वजन ते स्वतः सांगत नाहीत, एसटी मात्र त्यांच्या निवृत्तीनंतर जास्त ॲव्हरेज देते असं कॉलनीत बोललं जातं. उजव्या बाजूला राजेश्री. काका बसले आणि त्यांच्या खालच्या पिशवीतली सगळी हवा ‘सुंऽऽ’ करत मधल्या नळीतून राजेश्रीच्या पिशवीत गेली. काका खाली गेले. राजेश्री वर गेली.

“अहो, हे काय करायलंय?” राजेश्री छताला हात लावून म्हणाली.

“दाब समान होतोय,” मी म्हणालो.

दाब खरोखरच समान झाला होता. दोन्ही पिशव्यांत अगदी सारखा. फक्त गाडी तिरकी उभी होती. मी तशीच बाहेर काढली आणि बाजार समितीच्या वळणावर तिनं सगळं अंग डावीकडं टाकलं. काका दाराला चिकटले, राजेश्री काकांवर आली, आणि समोरून कापसाची गाडी घेऊन येणारा माणूस बैल थांबवून आमच्याकडं बघत राहिला. उतरताना काका एवढंच म्हणाले, “सर, बत्तीस वर्सांत असं उलटाया झालं न्हवतं.”

माझा नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. पण तो नियम आपल्याच गाडीला आपल्याच मास्तरविरुद्ध लागू होईल हे पुस्तकात कुठं दिलेलं नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाई वालूरहून एसटीनं आल्या. सकाळी मानवतहूनच गंगाखेडची गाडी गाठायची असा त्यांचा बेत. त्याच वेळी सिद्धोधन आमच्या अंगणात गाडीखाली झोपला होता आणि मी त्याच्या पायांशी उकिडवा बसलो होतो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या घेतला, ओट्यावर बसल्या आणि बघत राहिल्या. वळणावरची हकिगत राजेश्रीनं त्यांना आधीच सांगितली होती.

“राजेश्री, इचार तुझ्या मालकाला, ही गाडी एका अंगावर काहून कलंडायलीय?”

मी चार हातांच्या अंतरावरच होतो. राजेश्री मधे उभी राहून म्हणाली, “माय इचारायलीय, गाडी एका अंगावर काहून कलंडायलीय.”

“सांग त्यांना, जिकडं जास्त माणूस बसतो तिकडची हवा दुसरीकडं पळते.”

“माय, जिकडं जास्त माणूस—”

“ऐकलं मी.” सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. “मग पळू कशाला देता म्हणावं? आमी मेंढरं घेऊन निघायचो तवा घोडीवर पाणी न्यायचो. ट्रकाच्या ट्यूबीत भरून, पाठीवर आडवी टाकायची. घोडी जरा एकीकडं वाकली की सगळं पाणी तिकडंच. दोनदा पडली बिचारी. मग आमच्या मालकानं ट्यूब मधात दोरीनं गच्च आवळली. हिकडचं पाणी हिकडं, तिकडचं तिकडं. पुन्हा घोडी न्हाई पडली.”

गाडीखालची पान्ह्याची खुडबूड थांबली. सिद्धोधन पाठीवर घसरत बाहेर आला. महिनाभरात मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

“सर, आजी एकदम बराबर बोलायलीय. मधली नळी तोडतो. दोन्ही पिशव्या येगळ्या, दोन व्हॉल. मी तवाच इचारलं होतं तुमाला.”

मी खिशातून माहितीपत्रक काढलं. दुसऱ्या बाजूला, जी बाजू मी आकृती काढण्याच्या घाईत उलटली नव्हती, हेच लिहिलं होतं: दोन्ही अंगांना ओझं सारखं नसेल तर नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. घोडीचा उल्लेख तेवढा नव्हता. माझ्या पदव्या, माझी एकोणीस वर्षं, फरशीवरची ती आकृती, सगळं क्षणभर डोळ्यांपुढून गेलं. पण खरं सांगू का, वाईट वाटायच्या आधी मला हसू आलं. मी जमिनीवर बसून हसायला लागलो, आणि सासूबाई दुसरीकडं बघायला लागल्या, कारण त्यांनाही येत होतं.

तासाभरात काम झालं. बंपरच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबला असतात तसे दोन व्हॉल आले. आता बसून बघायला कुणीतरी हवं होतं. रामकिशन काका कुंपणापलीकडं उभे होते. ते म्हणाले, त्यांची पाठ दुखतेय.

“माय, तूच बस की,” राजेश्री म्हणाली.

“मी त्या गाडीत बसणार न्हाई म्हणलंय.”

सिद्धोधन हात पुसत म्हणाला, “आजी, बसू नका. पण काम तुमच्या सांगण्यावरून झालंय. बराबर झालं का न्हाई हे तुमीच तपासाया पाहिजे. दुसऱ्या कुणाला काय कळतंय?”

सासूबाईंनी विचार केला. “तपासाया बसते,” त्या म्हणाल्या. “परवासाला न्हाई.”

त्या मागं डाव्या अंगाला बसल्या. गाडी दोन बोटं खाली गेली आणि थांबली. मी डावीकडं थोडी हवा भरली. दोन्ही बाजू एका रेषेत आल्या. सासूबाई सीटवर जरा हलून बघत होत्या, एकदा, दोनदा, मग मुद्दाम जोरात. “चालवा म्हणावं,” त्या म्हणाल्या. पाथरी रोडपर्यंत गेलो, आलो. बाजार समितीच्या वळणावर गाडीनं अंग टाकलं नाही. घरी आल्यावर त्या उतरल्या, मागचं चाक वाकून पाहिलं आणि निर्णय दिला: “अजून पुरतं कळत न्हाई. लांबच्या रस्त्यावर बगाया पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन त्या आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या. तपासायला.

परभणी येईपर्यंत त्यांनी प्रत्येक गतिरोधकाचा अहवाल राजेश्रीमार्फत पुढं पाठवला. “सांग, डावीकडं बेस हाय.” “सांग, उजवीकडं घोटभर कमी हाय.” परभणीत पेट्रोल पंपावर मी उजवीकडं घोटभर हवा भरली. हवेच्या मीटरवर घोट हे माप नसतं, पण मला ते बरोबर सापडलं. पुढं पोखर्णीच्या फाट्याजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर रस्ताभर डुलत चालला होता आणि मी त्याच्या मागं अडकलो.

“ह्या ट्रॉलीच्या मागं मागं काय राहाता, जावाई,” मागून आवाज आला. “ऊस पडंल अंगावर. घ्या की बाजूनं, गाडी कुठं कलंडतीय आता?”

जावाई! महिन्याभरानं थेट, मधे कुणी नाही. राजेश्रीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी हॉर्न वाजवला. ट्रॅक्टर बाजूला झाला.

मंगल कार्यालयाच्या दारात सगुणाबाई वाट बघत उभी होती. तिनं आमची गाडी ओळखली, गर्दी बाजूला सारत आली आणि दार स्वतः उघडलं. “या ईहीणबाई,” ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. “त्या दिशी माझ्या जिभेला हाड न्हवतं. तवापासून घास गोड लागंना.”

“टोपलं तर चुलीपाशीच ठेवायचं होतं की,” सासूबाई म्हणाल्या. “तुमी काय खोटं सांगितलं?” दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग सासूबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

साखरपुडा झकास झाला. अंगठ्या घातल्या, फोटो निघाले, अर्पिता लाजायचं विसरून हसत होती. पंगतीची पानं मांडायला घेतली तेवढ्यात सगुणाबाई माझ्याजवळ आली. देहानं ती सासूबाईंना कुठंच कमी नव्हती.

“जावाईबापू, ही हवेची गाडी हाय म्हणतेत ना? मला बसवता का जरा?” मग इकडंतिकडं बघून म्हणाली, “आमच्या घरी बी गाडी हाय. पर आमचा पोरगा खड्डा आला की म्हणतो, माय, उतर. चार लोकांत उतरावं लागतं बगा.”

सासूबाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मी तो याआधी फक्त नव्या कोकरांच्या वेळी पाहिला होता.

“चला,” त्या म्हणाल्या. “तुमी उजव्या अंगाला बसा, मी डाव्या अंगाला बसते. जावाई, दोन्हीकडं भरा हवा. हात आखडू नका.”

मी पंप काढला. दोन्हीकडं तीस. दोघी बसल्या; गाडी किंचित दबली आणि पाटासारखी सपाट उभी राहिली. आम्ही गोदावरीच्या घाटापर्यंत गेलो. वाटेत जेवढे गतिरोधक लागले तेवढ्या वेळा मागून आधी श्वास रोखल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. घाटावर मी दार उघडून उभा राहिलो. कुणी उतरेना.

“नदी काय, रोजचीच हाय,” सगुणाबाई म्हणाली. “जरा आमच्या गल्लीतून घ्या. जाऊबाई दारात बसली असंल, तिला दिसू द्या.”

जाऊबाई दारात नव्हत्या, म्हणून परत एक फेरी मारून यावं लागलं. मग सगुणाबाईच्या माहेरची एक ओळखीची बाई बाजारात भाजी घेताना दिसली, तिच्या बाजूनं गाडी हळू न्यावी लागली. दोघी आता मेंढरांवर बोलत होत्या, गुडघ्यांवर बोलत होत्या, मुलांवर बोलत होत्या आणि मधूनमधून दोघी एकदम उजवीकडं झुकून बघत होत्या की गाडी झुकते का. झुकत नव्हती. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. कार्यालयात बुंदी, वांग्याची भाजी आणि पुऱ्या होत्या, हे मी निघताना पाहिलं होतं.

फोन वाजला. अर्पिता होती. “मामा, आमच्या दोन्ही आज्या कुठं नेल्यात? सगळे शोधायलेत.”

“त्यांना विचारतो,” मी म्हणालो आणि मागं वळून विचारलं, “परत जायचं का?”

“काहून?” दोघी एकदम म्हणाल्या.

पंगत उठली तेव्हा आम्ही रेल्वे स्टेशनसमोरून तिसऱ्यांदा चाललो होतो.